इर्याला ठाऊक आहे

१९ फेब्रुवारी १९९८

इर्या,

वेइकोकाका गेले. मंगळवारी सकाळी, आमच्या घरी, मागच्या खोलीत. मी त्यांच्यासाठी लापशी ढवळत होते. वाडगं घेऊन आत गेले तर खिडकीकडे तोंड करून पडलेले, नेहमीसारखेच. फक्त हाक मारल्यावर 'हं' आलं नाही.

तुला फोन केला होता. तुझं यंत्र बोललं. यंत्राला अशी बातमी सांगायची नसते, निदान आपल्या आईने तरी आपल्याला तसं वळण लावलं नव्हतं. म्हणून पत्र. आईला पोचवून आल्यावर जेवणाच्या टेबलाशी मी तुला जे बोलले ते माझ्या लक्षात आहे, आणि ते मी परत घेत नाहीये. दोन दिवसांसाठी आलीस, त्यातला एक अख्खा दिवस काकांबरोबर रानात घालवलास. पाहुणीला पाहुणी नाही तर काय म्हणायचं?

पण आज भांडायचं नाही. काम आहे.

काकांनी मेल्यावर स्वतःला जाळायला सांगितलं होतं. पास्टरनी नाक मुरडलं. म्हणाले, "वेइको, चर्चच्या मागे चांगली जागा आहे की." काका म्हणाले, "तिथे फार गर्दी आहे. आणि सगळे तेच, आयुष्यभर ज्यांना टाळलं ते." पास्टरसुद्धा हसले मग.

गेल्या रविवारी मी त्यांची दाढी करत होते. गालाला साबण लागलेला, तशातच म्हणाले, "तायमी, माझी राख झऱ्यावर सोडायची."

"कुठल्या झऱ्यावर?"

"तो न गोठणारा."

"कुठे आहे तो?"

"इर्याला ठाऊक आहे."

मी म्हटलं, "काका, मलाही सांगा की. मी इथे आहे. तुमच्या समोर, हातात वस्तरा घेऊन."

ते हसले. डोळे मिटले आणि म्हणाले, "इर्याला विचार."

दोन वर्षं ते माझ्या घरी होते, इर्या. त्यांची अंघोळ, त्यांचे पाय चोळणं, वादळात माझ्या वॉल्टरला गाडी चालवायला लावून इस्पितळात नेणं, शाळेच्या स्वयंपाकघरातून धावत घरी येऊन त्यांना भरवणं आणि परत धावत जाणं. मी हे कोणाला मोजून दाखवत नाही, तुलाही नाही. पण शेवटची गोष्ट सांगायची तर ती तुला ठाऊक. तू ॲरिझोनात, जिथे प्यायला पाणी नाही तिथे बसलेली, आणि झरा तुला ठाऊक.

तर एक कागद घे. रस्ता कुठे सोडायचा, ओढा कुठल्या हाताला ठेवायचा, खुणेचं झाड कोणतं, एवढं लिही. एक पान पुरेल. यायची गरज नाही.

इथे अंगणातला बर्फ खिडकीच्या चौकटीला लागला आहे. मे महिन्याशिवाय रानात जाता येणार नाही, तेव्हा तुला वेळ भरपूर आहे.

तायमी


८ मार्च

इर्या,

तुझं कार्ड आलं. एका बाजूला निवडुंग, दुसऱ्या बाजूला दोन ओळी. 'नकाशा काढून जमणार नाही. बर्फ उतरू दे, मग बघू.' वाईट झालं, एवढंही नाही. वॉल्टरने कार्ड उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "निवडुंग छान आहे."

शनिवारी चर्चच्या तळघरात काकांसाठी सगळे जमले होते. वेलदोड्याचे पाव मी केले, मासे कोणीतरी धुरावून आणले, कॉफी नेहमीसारखीच पातळ. एवढी गर्दी आपल्या गावात लग्नालाही होत नाही. सगळे म्हातारे शिकारी, लाकूडतोडे, बर्फ काढणारे, टोप्या मांडीवर घेऊन बसलेले. एकेक जण माझ्याजवळ यायचा, हात हातात घ्यायचा आणि विचारायचा, "इर्या नाही आली?"

सगळे, इर्या. एकजात सगळे. तायमी, दमली असशील, असं म्हणणारं एक माणूस निघालं नाही.

मग आठवणी सुरू झाल्या. ती टपालवाली एल्मा उभी राहिली. म्हणाली, "बर्फ कळावा तर वेइकोला. पहार आपटायचा, कान लावायचा, नुसत्या आवाजावरून सांगायचा. आणि तरी बघा, म्हातारपणी केवढा नम्र! कोणीही विचारलं, वेइको, बर्फ धरेल का? तर म्हणायचा, मला नाही माहीत बाबा, तुझी पहार घे आणि बघ." सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी डोळे पुसले.

मग माझ्याकडे सगळे बघायला लागले. मला बोलणं भाग होतं. आणि मी काय सांगितलं माहीत आहे? कानातल्या गळाची गोष्ट. मी गळ फेकला, तो मागे काकांच्या कानात रुतला, काका हूं की चूं न करता तसेच मासे धरत राहिले आणि गळ लोंबता कान घेऊन घरी कॉफीला आले. 'मी' म्हणाले. तोंडातून गेलं. इतकं सहज गेलं की क्षणभर मला काठीचा झटका हातात जाणवला. लोक पोट धरून हसत होते. मला फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात एल्मा म्हणाली, "अगं, ती इर्या होती ना? तो गळ मीच पकडीने काढला. इर्या बाजूला पांढरीफटक होऊन उभी. तू तर कॉफी ओतत होतीस."

मी म्हटलं, "हो का? असेल." आणि कॉफीच ओतायला उठले.

घरी येताना गाडीत वॉल्टर म्हणाला, "तू बहिणीशी शर्यत लावली आहेस, तायमी. गंमत म्हणजे ती धावतच नाहीये." नवऱ्याला बोलायला काय जातं? त्याला भावंडंच नाहीत.

तुला वाटेल हे सगळं आता, इतक्या वर्षांनी कशाला. मला वाटतं की हे कोणीतरी कधीतरी तुला सांगायला हवं होतं. बाबा गेले तेव्हा तू अकराची होतीस आणि मी पंधराची. बर्फगाडीवर त्यांच्या मागे तू बसली होतीस. मी घरी आईबरोबर पाव भाजत होते. लांब तळ्यावर बर्फ फुटला तो तुझ्या डोळ्यांदेखत, म्हणून दुःख तुझं झालं. मला नुसती बातमी आली. आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या काकांनी फळीवर पोटावर सरपटत जाऊन तुला ओढून काढलं, बाबांपर्यंत त्यांचा हात पोचला नाही. त्या दिवसापासून तू सगळ्या गावाची झालीस. शेजारणी तुझ्यासाठी मोजे विणायच्या. माझे बाबा गेले नव्हते जणू. फक्त तुझेच गेले होते.

आणि त्या मे महिन्यात काका तुला रानात न्यायला आले. मी बूट घालून पायरीवर तयार उभी होते. "काका, मी पण?" ते म्हणाले, "तू आईजवळ थांब." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी सुरू केली आणि गेले. मग दरवर्षी तेच. तू विशीत गाव सोडलंस तोवर.

तू गेल्यावर ते रविवारी माझ्या टेबलाशी येऊन बसायला लागले. मी वाढत गेले. तुझं उरलेलं, शिळं असलं तरी भुकेला माणूस नाही म्हणत नाही.

नकाशा काढून न जमण्यासारखं त्या झऱ्यात काय आहे? नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हण.

तायमी


२६ एप्रिल

इर्या,

फोनवर मला धड बोलता आलं नाही. तू "मी येते" म्हणालीस आणि मी घाईघाईने फोन ठेवला. म्हणून लिहिते, म्हणजे तू विमानात बसायच्या आधी तुला सगळं माहीत असेल.

मी तुझी वाट न बघता गेले होते. हो, राखेचा डबा घेऊन. तू काही सांगायच्या आत उरकून टाकायचं होतं मला.

तुम्ही दोघं रानातून यायचात तेव्हा तुझ्या बुटांना तांबडा चिखल असायचा. तुझे बूट मीच धुवायचे, आठवतं? आई म्हणायची, लहान आहे, घाबरलेली आहे, तू धू. तांबडा चिखल आपल्याकडे कुठे आहे? जुन्या लोखंडाच्या खाणीमागच्या उतारावर. तेवढ्यावर मी निघाले. बर्फावर चालायचे काकांचेच जाळीचे जोडे पायात बांधले, डबा पाठीवर घेतला. वॉल्टर ट्रकमध्ये वर्तमानपत्र घेऊन बसला. म्हणाला, "अंधार पडायच्या आत आली नाहीस तर मी काय करायचं?"

"इर्याला विचार," मी म्हटलं.

खालच्या ओढ्याच्या कडेने चढले. वरचा बर्फ अजून कडक होता, खाली पाणी वाहताना ऐकू येत होतं. आणि मला झरा सापडला, इर्या! सीडरच्या मुळांखालून उघडं पाणी, तळाशी हिरवं गवत, कडेला बर्फ वितळून कातरलेला. मी तिथे बसले. सापडलं, मला कोणी न दाखवता सापडलं. मी डब्याचं झाकण काढलं.

मग वाटलं, हाच कशावरून?

झाकण लावलं आणि थोडी वर गेले. तिथे आणखी एक. त्याच्या पलीकडे तिसरा. तो सगळा उतारच पाझरतो. कुठेही उभं राहावं आणि कान द्यावा तर पाणी. मी एकापासून दुसऱ्याकडे जात राहिले, आणि प्रत्येक ठिकाणी मला वाटायचं की काका कुठेतरी बसून बघताहेत आणि म्हणताहेत, नाही, हा नाही. शेवटी एका ठिकाणी मांडीपर्यंत खचले. पाय निघाला, बूट आतच राहिला. जोडा हातात धरून, एका पायात नुसता मोजा, अशी मी खाली आले. वॉल्टरने काच खाली केली, माझ्या पायाकडे पाहिलं, पाठीवरच्या डब्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "दोघंही परत आलात म्हणायचं." मी रडले नाही. तुला वाटेल रडले असेन.

घरी येऊन तुला फोन केला. तू उचललास. तुझा आवाज आईसारखा झालाय, ते कोणी सांगितलं नव्हतं मला.

आता तू फोनवर म्हणालीस ते. "त्याने तुला काहीच सांगितलं नाही? इतकी वर्षं तुझ्या घरी जेवला, आणि काहीच नाही?" मी विचारलं, काय सांगायचं होतं? तू म्हणालीस, "आल्यावर."

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. परवा शाळेत सगळ्या मुलांच्या सूपमध्ये दोनदा मीठ पडलं. म्हणजे नुसता झराच नाही. आणखीही काही आहे जे तुमचं दोघांचं होतं. आणि तू त्यांना 'तो' म्हणतेस. जेवला, सांगितलं नाही. मी कधी म्हटलं नाही तसं. मला सुचलंच नाही की म्हणता येतं.

ये. वरची खोली झाडून ठेवते. चादरी आईच्याच आहेत.

तायमी


३ जून

इर्या,

तू गेलीस त्याला आता पंधरवडा होत आला. विमानतळावर मी गाडीतून उतरले नाही, ते वॉल्टरला आवडलं नाही. तेव्हापासून तो माझ्याशी फक्त जेवणाबद्दल बोलतो आहे.

तू झऱ्यावर जे सांगितलंस ते मी इथे माझ्या अक्षरात लिहून काढणार आहे. तुला ते माहीत आहे, मला कळतं. पण तीस वर्षं ते तुझ्या एकटीकडे होतं. मला आता ते तसं नको आहे.

चालताना डबा कोणी घ्यायचा यावर आपण भांडलो. मी म्हटलं, मी त्यांना दोन वर्षं उचललं, आताही मीच उचलणार. तू म्हणालीस, "घे बाई, घे." काळ्या माश्या कानामागे चावत होत्या. तू एकदाही न थांबता, न चुकता, जिथे मी बूट गमावला त्याच्या थोडं पलीकडे, दोन आडव्या पडलेल्या भूर्जांमधून आत शिरलीस. आणि तो झरा. इतका लहान! आपल्या जेवणाच्या टेबलाएवढासुद्धा नाही. तळाची वाळू सारखी उकळल्यासारखी वर येत होती. मला वाटलं होतं, निदान सुंदर तरी असेल.

मी डबा दगडावर ठेवला. तू म्हणालीस, "आधी ऐक."

त्या सकाळी तळ्यावर जायच्या आधी बाबांनी गाडी काकांच्या दाराशी थांबवली. तू मागे बसलेली. काका हातात कॉफी घेऊन दारात आले. बाबांनी विचारलं, "वेइको, बर्फ कसा आहे?" काका म्हणाले, "ट्रक चालव हवं तर." दोघं हसले. बाबा निघाले.

त्या आठवड्यात काकांनी तळ्यावर पाऊलही टाकलं नव्हतं. नुसतं बोलायचं म्हणून बोलले. गावात सगळे त्यांना विचारायचे, आणि सगळ्यांना उत्तर द्यायची सवय झाली होती.

"हे फक्त मी ऐकलं होतं," तू म्हणालीस. "आणि मी ऐकलंय हे फक्त त्याला माहीत होतं."

मे महिन्यात त्यांनी तुला इथे आणलं. त्याच दगडावर बसवलं. म्हणाले, "इर्या, तू ऐकलंस ना, मी काय म्हणालो ते?" तू म्हणालीस, हो. ते म्हणाले, "आईला सांग. आज सांगितलंस तरी चालेल." अकरा वर्षांच्या पोरीला! तू नाही सांगितलंस. पुढच्या वर्षी पुन्हा. "सांगितलंस?" नाही. "मग मला माफ केलंस का?" तू गप्प. पुढच्या वर्षी पुन्हा.

तू म्हणालीस, "त्याने मला मासे धरायला शिकवलं, शेकोटी लावायला शिकवलं, सगळं शिकवलं. पण माझ्याकडे बघायचा ते कायम मी काही बोलते का म्हणून. गळ कानात रुतला तेव्हाही ओरडला नाही. मला वाटायचं, एकदा तरी माझ्यावर ओरड रे. बाकीच्या मुलांवर ओरडतात तसा. मला शेवटपर्यंत कळलं नाही, तायमी, की तो माझ्यावर प्रेम करतो की मला घाबरतो. म्हणून तर मी गेले."

आणि मग तू म्हणालीस, "तुझ्याकडे तो हसायचा. आई फोनवर सांगायची, वेइको रविवारी तायमीकडे जेवतो, पास्टरची नक्कल करतो, वॉल्टरशी पत्ते खेळताना लबाडी करतो. मी ऐकून रडायचे. बाबा गेल्यावर माझ्यासमोर तो एकदाही हसला नाही."

मी मग काय केलं ते तुला माहीत आहे. मी दगडावरचा डबा उचलला आणि चालायला लागले. तू मागून हाका मारल्यास. मी थांबले नाही. ट्रकमध्ये बोलले नाही, घरी बोलले नाही, दुसऱ्या दिवशी तू गेलीस.

तुला वाटलं मी बाबांसाठी रागावले. वॉल्टरलाही तसंच वाटलं. म्हणाला, "साहजिक आहे." मी त्याला सुधारलं नाही.

पण बाबांसाठी नव्हतं ते, इर्या. त्या घडीला तरी नव्हतं. मी ट्रकमध्ये बसून एकच विचार करत होते, त्यांनी तुला विचारलं. दरवर्षी तुला विचारलं. माफ केलंस का, हे तुला विचारलं आणि मला एकदाही नाही. माझेही बाबा होते ते! मला 'आईजवळ थांब' म्हणाले आणि नजर टाळली. इतके रविवार माझ्यासमोर बसले, बटाटे आणखी घेऊ का म्हणून विचारलं, मीठ सरकव म्हणाले. दाढी करताना माझा हात त्यांच्या गळ्यावर होता. तेव्हासुद्धा नाही.

मला विचारलं असतं तर मी तिथल्या तिथे केलं असतं माफ. एका क्षणात. त्यांना बिचाऱ्यांना दहा वर्षं तुझ्यासमोर बसावं लागलं नसतं. तू त्यांना ताटकळत ठेवलंस आणि मी तयार उभी होते, बूट घालून.

असला मत्सर कोणाला होत असेल का? मला होतो. शाळेत कणीक मळताना होतो, कपडे वाळत घालताना होतो. हसण्याचा वाटा मला मिळाला म्हणून तू रडलीस म्हणतेस. घे तो, आणि तुझा मला दे.

डबा माझ्या कपाटात आहे. मागू नकोस.

तायमी


२० सप्टेंबर

इर्या,

जुलैत तुझं कार्ड आलं होतं, 'डब्याचं काय केलंस' एवढंच. मी उत्तर दिलं नाही. काही केलंच नव्हतं तर काय लिहिणार? स्वेटर काढायला कपाट उघडायचं आणि त्याच्याकडे न बघता बंद करायचं, असा उन्हाळा गेला.

काल सकाळी मी गेले. एकटी. वॉल्टरला सांगितलं, काकांना सोडून येते. त्याने एकट्याने मांडलेला पत्त्यांचा डाव तसाच टाकला, उठून माझ्या डोक्यावर लोकरी टोपी घातली आणि परत जाऊन बसला.

मेपल लाल झालेत. वाट मला सापडली. दोन आडवी भूर्जं, मग आत. मी डबा मांडीवर घेऊन त्याच दगडावर बसले. मनात सगळं ठरवलेलं होतं. आधी मोठ्याने म्हणायचं, काका, मी तुम्हाला माफ केलं. मग राख सोडायची. मग घरी येऊन तुला लिहायचं की तुला जे इतक्या वर्षांत जमलं नाही ते मी एका सकाळी करून आले. हे वाक्य मी गाडीतच जुळवलं होतं. मला ते फार आवडलं होतं.

मी म्हटलं, "काका, मी तुम्हाला..." आणि पुढे काही आलं नाही.

पुन्हा म्हटलं. पुन्हा तिथेच अडलं.

आणि मग जे आलं ते मी ठरवलेलं नव्हतं. मी म्हटलं, "तू बघितलं का नाहीस?" हळूच म्हटलं आधी. मग मोठ्याने. "तळ्यावर गेला नव्हतास तर गेलो नव्हतो म्हणायचं! एवढंच म्हणायचं होतं! कॉफी पीत होतास आणि माझ्या बाबांना..." मी उठून उभी राहिले होते. मी त्याला अरे-तुरे करत होते, इर्या. आई दुधाच्या गायीला घालायची त्या सगळ्या शिव्या मी त्याला घातल्या, आजीच्या बोलीतल्या, मला येतात हे मलाच ठाऊक नव्हतं. बाबांची गाडी दाराशी थांबलेली मला दिसत होती. बाबा हसताना दिसत होते. मी घरी पाव भाजत होते म्हणून मला कधीच काही दिसलं नव्हतं, आणि काल सगळं दिसलं. मी घसा बसेपर्यंत ओरडले. एक तितर भुर्रकन उडाला, बाकी कोणी ऐकलं नसेल.

मग दमून बसले. आणि तिथे बसल्यावर मला कळलं की अकरा वर्षांच्या तुला त्याने हे विचारलं होतं. पंचेचाळीस वर्षांची मी, तो राख झालेला असताना, मला ते एक वाक्य म्हणता येईना. आणि तू त्याचं तोंड समोर असताना, त्याचा हात धरून घरी परत जायचं असताना, दरवर्षी त्या दगडावर बसत होतीस. मी खाली घरी नुसते तुझे बूट धुवायला मिळाले म्हणून जळत होते.

मी अजूनही जळते, खोटं कशाला बोलू? उद्या कोणी 'इर्या कशी आहे' विचारलं की मी पुन्हा कॉफीच ओतायला उठेन. पण तो दगड मात्र मला नको. तो मी तुझ्याकडून मागितला होता, ते परत घेते.

माफ केलं असं मी म्हटलं नाही. म्हणता आलं तर पुढे कधी म्हणेन, नाही तर नाही. पण त्याने मागितली होती ती जागा हीच होती, आणि माणूस तिथपर्यंत आणून सोडलेला. मी डबा उपडा केला. राख बुडेना. खालून वाळू उसळत होती, ती तिला वर ढकलत होती. किती वेळ ती गोल गोल फिरत राहिली. मग थोडी थोडी करून ओहोळाला लागली आणि मुळांखालून खाली गेली. मी डबा तिथेच पाण्याने विसळला, कोपरे बोटाने पुसले.

तुझ्यासाठी मी मूठभरही ठेवली नाही. ठेवावी असं मनात आलं होतं, रुमालही काढला होता, आणि नाही ठेवली. तुझ्या वाट्याचं मी एकटीने उरकलं. हे वाचून तुला माझा संताप येईल. येऊ दे. पत्रबित्र लिहीत बसू नकोस, ती कार्डं तर मुळीच पाठवू नकोस. सरळ फोन उचल आणि ओरड माझ्यावर. मी घरीच आहे.

तायमी